मदत हवी आहे: तिसऱ्यांवरचं संशोधन खाडीतल्या बायकांपर्यंत कसं नेऊ?

मंडळी, नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या एका खाडीत गेली दोन वर्षं मी तिसऱ्यांवर, म्हणजे वाळूत सापडणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांवर, पीएचडीचं काम करते आहे. दर महिन्याला सुकतीला (ओहोटीला) वाळूच्या पट्ट्यावर चौकट टाकायची, आतल्या तिसऱ्या चाळून मोजायच्या, लांबी घ्यायची, काही उघडून अंडी धरली आहेत का ते पाहायचं. ज्या बायका टोपली घेऊन रोज खाडीत उतरतात, त्यांच्याशिवाय यातलं काहीही झालं नसतं. कुठे पाय रुततो, पावसानंतर कुठला पट्टा आधी भरतो, हे त्यांनीच दाखवलं.

हाती आलं ते असं: बाजारात वाट्यावर दिसणाऱ्या बऱ्याच तिसऱ्या एकदाही अंडी टाकायच्या आधीच काढलेल्या असतात. मोठा माल मिळेना म्हणून बारीक काढायचा, आणि बारीक काढला म्हणून पुढच्या वर्षी मोठा मिळत नाही.

आता निधी देणाऱ्या संस्थेने लोकसहभागाचा आराखडा मागितला आहे. कोणापर्यंत पोचणार, कसं, आणि त्यातून काय बदललं हे कसं दाखवणार? गाइड म्हणतात, पंचायतीच्या सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा घे, माहितीपत्रक वाट. तेवढ्यावर अहवाल पुरा होईल हे मलाही कळतं. पण मागच्या आठवड्यात एका काकूंच्या खळ्यात बसून निष्कर्ष सांगितले, तर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे आता आमका खाडीत उतराक देवचे नाय काय?" तेव्हापासून मी आराखड्याचं एक पानही लिहिलेलं नाही. त्यांनी मला खाडी दाखवली, आणि माझ्याच आकड्यांवरून उद्या कोणी त्यांचीच वाट अडवली तर?

शिवाय त्यांचा दुसरा प्रश्नही रास्त आहे. रात्री पंप लावून रेती काढतात, त्यांना कोण विचारतं? माझ्या अभ्यासात रेतीउपसा मोजलेला नाही. मग त्यांच्यासमोर फक्त त्यांचीच चूक मांडायची का?

केरळमधल्या अष्टमुडी सरोवराचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथेही तिसऱ्या घटल्या होत्या. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळ्याच्या आसावर (भोकाच्या आकारावर) मर्यादा, असे नियम मच्छीमारांना सोबत घेऊन ठरले. 2014 मध्ये त्या मासेमारीला एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. पण तिथला माल निर्यात होतो, म्हणून नियम पाळण्याला भाव आहे. आमच्याकडच्या तिसऱ्या देवगडच्या बाजारातच संपतात. तीन महिने हात बांधून बसा, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

असं काम कोणी केलं असेल तर सांगा. सुरुवात कुठून करावी? ग्रामसभेत मांडावं का? तिथे या बायका मागे भिंतीला टेकून बसतात, बोलत नाहीत.

खाडीकाठ: ताई, आमच्या गावात खेकड्यांवर अभ्यास झाला होता. अहवाल आम्हाला कधी दिसलाच नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. कार्यशाळेची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पट्टे लांबवर उघडे पडतात, तेव्हा एकही बाई सभागृहात येणार नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, पाणी फार ओसरत नाही, तेव्हा खळ्यात बसा. शिमगा, गणपती टाळा, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात. आणि पत्रकाऐवजी चाळण न्या. बारीक तिसरी चाळणीतून खाली पडताना त्यांच्याच हातांनी दिसू दे. आकार काय ठेवायचा ते त्या ठरवतील. रेतीचा मुद्दा गाळू नका, तो गाळलात तर तुमचं उरलेलं कोणी ऐकणार नाही.

दुसरं, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत या बायकांची माहिती त्यांच्या नावाने उतरवून घ्या. खाडीत कोण कधीपासून उतरतं हे कागदावर असलं, तर उद्या त्यांना हटवणं इतकं सोपं जाणार नाही.

धागाकर्ती: खूप आभार. तिथीचं मला सुचायलाच हवं होतं, दोन वर्षं माझं वेळापत्रक त्यावरच चाललंय. चाळण सुताराकडून करून घेते. रेतीबद्दल माझ्याकडे मोजमाप नाही, पण कुठल्या पट्ट्यावर खड्डे पडले ते त्या दाखवतील आणि मी नकाशावर त्यांच्यासमोरच मांडेन, असं ठरवते आहे. परिणाम म्हणून हजेरीपटावरच्या सह्या देणार नाही. वर्षभर दर भांगाला बाजारातल्या वाट्यांमधल्या तिसऱ्या मोजायच्या, आणि मोजणी दोन-तीन बायकांनीच करायची, मजुरी निधीतून. संस्था हे मान्य करेल का, माहीत नाही, विचारून पाहते.

एक अडलं आहे. एखादा पट्टा काही महिने न काढायचा असं गावातल्या बायकांनी आपणहून ठरवलं आणि ते टिकलं, असं रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठे झालं आहे का? असेल तर त्या गावच्या दोघींना आमच्याकडे बोलवायचं आहे. प्रवासखर्च आराखड्यात धरते.