मदत हवी आहे : अॅब्लेशननंतर ठोक्यांचा प्रकार बदलला, दुसऱ्यांदा करावे का?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझ्या वडिलांना बरीच वर्षे मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या वर्षी पुण्यात त्यांचे एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकारासाठी) अॅब्लेशन झाले, म्हणजे हृदयाच्या आत छोटे व्रण करून चुकीच्या विद्युतसंकेतांची वाट तोडली, आणि त्यानंतर ते रंकाळ्याची पूर्ण फेरी न थांबता मारू लागले होते. आता पुन्हा छातीत धडधड सुरू झाली आहे, जिना चढताना धाप लागते, आणि डॉक्टरांनी दुसरे अॅब्लेशन सुचवले आहे. खर्चाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी काळजी वडिलांच्या जिवाची आहे.

मला जेवढे समजले आहे ते मांडतो. फुप्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आतून सुटणारे अवेळी विद्युतसंकेत हा विकार सुरू करतात, हे फ्रान्समधील बोर्दोच्या मिशेल एसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. म्हणून त्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणांचे कडे तयार करून संकेतांची वाट बंद करतात. मात्र ठिणगी कुठून पडते आणि आग कशावर धुमसत राहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कप्पा ताणून मोठा झाला, स्नायूत तंतुमय जाळे वाढले, ठोक्याची विद्युतलहर सावकाश सरकू लागली, की ती फिरून मूळ जागी येईपर्यंत तिथला स्नायू पुन्हा उद्दीपित होण्यास तयार झालेला असतो आणि फेरा चालूच राहतो. शिवाय हा विकार जितका काळ राहतो तितका अधिक पक्का होतो, असे १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले होते.

आता माझी खरी अडचण. जुन्या ईसीजीत दोन उंच टोकांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे होते आणि मधली रेघ नुसती थरथरत होती. परवाच्या ईसीजीत मात्र टोके बरोबर दोन-दोन मोठ्या चौकोनांवर, म्हणजे मिनिटाला १५० ठोके, आणि मधे करवतीच्या दात्यांसारखी रेघ आहे. डॉक्टर याला फ्लटर म्हणतात. ही एकच लहर ठरावीक वाटेने फिरते आणि त्या वाटेतला अरुंद पट्टा छेदला की ती थांबते, असे त्यांनी समजावले. ही वाट उजव्या कप्प्यात झडपेजवळ असेल तर काम तुलनेने सोपे. डाव्या कप्प्यात जुन्या व्रणांभोवती असेल, तर अवघड.

ज्यांच्या घरी असे दुसरे अॅब्लेशन झाले आहे त्यांनी कृपया सांगावे, की त्या वेळी जुन्या कड्यांत फट पडून शिरांचा संबंध पुन्हा जुळला आहे का, हेही तपासले होते का? चिवट (आपोआप न थांबणाऱ्या) फिब्रिलेशनमध्ये पहिल्याच वेळी शिरांभोवतीच्या कड्यांखेरीज कप्प्यात व्रणांच्या जादा रेषा मारल्याने फायदा वाढत नाही, असा २०१५ चा एक मोठा अभ्यास आहे. मग दुसऱ्या वेळी त्या कशाच्या आधारावर ठरवतात? ठोके सुधारले की रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी, असा वडिलांचा हट्ट आहे. ती गोळी वय, रक्तदाब आणि मधुमेह पाहून ठरते, ठोक्यांवरून नाही, हे मी सांगून पाहिले, पण ते ऐकत नाहीत. हे त्यांना पटेल अशा शब्दांत कोणी डॉक्टर सभासद इथे लिहितील का? मी ते त्यांना वाचून दाखवीन.