मदत हवी आहे: थेम्सवरील राजनौकेच्या प्रतिकृतीसाठी कोरीव, सोनेरी चिन्हे कशी करावीत?

सप्रेम नमस्कार.

ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात असलेल्या, ब्रिटनचा युवराज फ्रेडरिक याच्या राजनौकेची १:२४ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी करीत आहे. १७३२ साली थेम्स नदीत उतरलेल्या, ६३ फूट लांबीच्या आणि २१ वल्हेकऱ्यांनी वल्हवल्या जाणाऱ्या या नौकेचा आराखडा विल्यम केंट याने केला, कोरीवकाम जेम्स रिचर्ड्सने, तर सोन्याचा मुलामा पॉल पेटिटने. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट तिच्यातून कोळसा बाजाराच्या उद्घाटनाला गेला; ती तिची शेवटची राजफेरी. जलपऱ्या, शिंपले आणि लाटांची नक्षी यांची या नौकेवर रेलचेल आहे, परंतु ती कोणाची हे सांगतात ती राजचिन्हे: मुकुटातून वर आलेली शहामृगाची तीन पिसे, आणि गार्टर या सन्मानाचा निळा, अक्षरे असलेला पट्टा.

सांगाडा ८० सेंटिमीटरचा असून तो उत्तम जमला आहे. अडचण चिन्हांची आहे. मूळ नौकेवरील वीतभर उंचीचे चिन्ह या प्रमाणात जेमतेम एक सेंटिमीटरचे होते. सागवानाचे रेषे एवढ्या बारीक कामात तुटतात, म्हणून मी हळदूचे लाकूड घेतले. त्यात पिसांच्या कडा स्वच्छ निघतात. मात्र त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे अस्तर चढवले की कोरलेल्या खाचा बुजतात, आणि अस्तराशिवाय वर्ख लावला तर लाकडाचे रेषे खालून दिसतात. यातून मार्ग कोणता? शिवाय, एकच नमुना कोरून त्याच्या साच्यातून बाकीची चिन्हे रेझिनमध्ये ओतणे कितपत योग्य, आणि एक मिलिमीटर रुंदीच्या निळ्या पट्ट्यावर सोनेरी अक्षरे कशी उमटवावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

नमस्कार. हळदू योग्यच आहे. खडूचे अस्तर मात्र पूर्ण वगळा. पातळ चपड्याचे दोन हात द्या, प्रत्येक हातानंतर अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवा, आणि त्यावर रामरजीसारख्या पिवळ्या रंगाचा एक हात द्या, म्हणजे वर्ख कुठे फाटला तरी डोळ्यांत खुपणार नाही. वर्ख खरा सोन्याचाच घ्यावा, कारण पितळी वर्ख जाड असतो आणि वार्निश न केल्यास काळवंडतो.

पिसांचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे एका साच्यातून निघेल. लाटांची नक्षी तशी निघणार नाही: डाव्या व उजव्या बाजूच्या लाटांचा रोख नाळेकडेच, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडेच, ठेवायचा असेल, तर एक नमुना दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब हवा, म्हणजे साचे दोन. पट्ट्यासाठी आधी सर्वत्र वर्ख लावा, त्यावर निळा रंग द्या आणि तो पुरता कडक होण्याआधी बोथट सुईने अक्षरे खरवडा. खालचे सोने वर येते. पूर्ण बोधवाक्य मावणार नाही, तेव्हा अक्षरांचा भास होईल एवढेच उभे-तिरपे फटकारे पुरेत.