पुडीने आराम पडला तरी गोळी सोडू नका

ताई, वैद्याच्या पुडीने मायचे सांधे आठवडाभरात मोकळे झाले, तर दवाखान्याची आमवाताची गोळी बंद करू का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून करू नका. इतक्या झटपट आराम देणाऱ्या बिननावाच्या पुडीत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सूज उतरते, पण पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडूही नका, तेही धोक्याचं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाणं जमलं तर उत्तमच.

गोळी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. माझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून आमच्याकडे बाजाराचा दिवस तोच गोळीचा दिवस. सोबतच्या फॉलिक अॅसिडची, म्हणजे जीवनसत्त्वाच्या गोळीची, डबी वेगळी. रक्ततपासणी मात्र चुकवत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आईची बोटं आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात धरून, बोटं मोकळी झाली की मगच ती वावरात निघते. कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धी भरली की रिकामी करून घेतो, कमरेला ओढ बसत नाही.