मायट्रल स्टेनोसिसमध्ये प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेशनसाठी कुठला मार्कर घेऊ?

रेसिडेंट_२: र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसवर (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं) थिसिस आहे, प्लेटलेट किती अ‍ॅक्टिव्हेट होतात ते बघायचंय. गाईड म्हणतात एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) घे, सीबीसीत फुकटात येतो. पण वाचायला बसले की पी-सिलेक्टिन, बीटा-टीजी, पीएफ४, सीडी४० लिगँड अशी प्लेटलेटमधून सुटणारी प्रोटीनं, डोकं गरगरतं नुसतं. काय घेऊ?

लॅबकर: एमपीव्हीच्या भरवशावर थिसिस नको गं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये प्लेटलेट फुगतात, सँपल जितका वेळ पडून राहील तितका आकडा वर, मग तू आजार मोजतेयस का वॉर्डबॉयचा उशीर? बीटा-टीजी आणि पीएफ४ जोडीने घे. दोन्ही अल्फा ग्रॅन्यूलमधूनच (प्लेटलेटमधल्या बारीक पिशव्या) सुटतात, पण शरीरात सुटलेला पीएफ४ रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून झटकन गायब होतो, बीटा-टीजी टिकतो. त्यामुळे नुसता बीटा-टीजी वाढला तर खरं अ‍ॅक्टिव्हेशन असण्याची शक्यता जास्त, दोन्ही बरोबरीने वाढले तर आधी रक्त काढणार्‍यावर संशय घ्यायचा. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) फार आवळू नका, पहिले दोन-तीन एमएल टाकून द्या. आणि क्रिएटिनिन बघ, किडनी कमजोर असली की बीटा-टीजी असाही चढतो.

सायटोमेट्रीवाली: प्लाझ्मातला पी-सिलेक्टिन एंडोथेलियममधूनही (रक्तवाहिनीचं अस्तर) येतो, तो सगळा प्लेटलेटच्या खात्यात टाकता येत नाही. फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी तपासायची पद्धत) असेल तर प्लेटलेटवरचा सीडी६२पी (म्हणजे पी-सिलेक्टिनच) बघ, फक्त ते सँपल बर्फात ठेवू नका, थंडीनेच प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेट होतात. सीडी४० लिगँड सीरममधून तर अजिबात नको, गुठळी होतानाच तो भसाभस सुटतो.

रेसिडेंट_२: थँक्यू दोघांना! एएफ (हृदयाचे अनियमित ठोके) आणि सायनस र्‍हिदम (नॉर्मल ठोके) असलेले पेशंट एकत्र चालतील का? बलूनने झडप उघडताना लेफ्ट एट्रियममधलं (हृदयाचा वरचा डावा कप्पा) रक्तही मिळू शकेल.

लॅबकर: वेगळेच ठेव. सायनस र्‍हिदममध्येही मार्कर वाढलेले सापडलेत, म्हणजे सगळा दोष एएफचा नाही, एकत्र केलंस तर हाच मुद्दा बुडेल. व्हॉल्व्ह चांगला पण एएफ आहे असा एक ग्रुप मिळाला तर सोनंच. लेफ्ट एट्रियमचं सँपल हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) द्यायच्या आधी मिळत असेल तरच पीएफ४ लाव, हेपरिन अस्तराला चिकटलेला पीएफ४ सोडवतं आणि आकडा आभाळाला जातो. कॅथेटरनेही प्लेटलेट चिडतात, ते लिमिटेशनमध्ये लिही.

नातेवाईक: मध्येच विचारतो, आईला हाच आजार आहे, एएफ पण आहे. ही टेस्ट करून अ‍ॅस्पिरिन सुरू करता येईल का?

सायटोमेट्रीवाली: नाही दादा, या टेस्टवर औषध ठरत नाही, हे रिसर्चपुरतं आहे. मध्यम किंवा जास्त स्टेनोसिस आणि एएफ असेल तर वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी लागते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) साधारण २ ते ३. अ‍ॅस्पिरिन त्याची जागा घेत नाही. नवीन गोळ्यांचंही तसंच, २०२२च्या इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. आईंचा शेवटचा आयएनआर कधी केला होता?