मदत हवी आहे: ‘मोल्सवर्थ’ आडनावाचा अर्थ काय?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुण्यात १९७५ साली निघालेलं पुनर्मुद्रण. पुठ्ठा निखळलाय, ‘म’ची पानं हातात येतात. तो उघडला की आजोबांची एक ठरलेली कोटी असायची: “मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत. साहेब जन्मताच दुभाष्या!”

परवा लेकीने हेच शाळेच्या प्रकल्पात लिहायला घेतलं आणि मी घाबरले. मला एवढंच सापडलं की केंब्रिजशरमध्ये (पूर्वीच्या हंटिंग्डनशरमध्ये) मोल्सवर्थ नावाचं छोटं गाव आहे. म्हणजे आडनाव आपल्या ‘-कर’च्या जातीचं, फक्त ‘कर’ न लावता. पण गावाच्या नावाचा अर्थ काय? त्यातला ‘वर्थ’ किमतीचाच का? शनिवारपर्यंत हवं आहे.

प्रतिसाद १:
कोटी झकास, पण प्रकल्पात नको! हा ‘वर्थ’ वेगळा. जुन्या इंग्रजीत ‘वोर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, वस्ती. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वाँड्सवर्थ यांत तोच आहे. किमतीचा शब्द ‘वेओर्थ’. पुढे दोघांचं स्पेलिंग एक झालं आणि आजोबांची सोय झाली. आपली ‘वाडी’सुद्धा संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, त्यावरूनच आली. सुरुवातीचा ‘मोल’ हा भाग ‘मूल’ नावाच्या माणसाचा, मधला ‘स’ षष्ठीचा. इंग्लंडमधल्या गावांच्या आणि जमिनींच्या १०८६च्या डूम्सडे नोंदवहीत ‘मोलेसवर्ड’ असं गाव आहे. थोडक्यात, मूलची वाडी.

धागाकर्ती:
खूप आभार! लेक म्हणते, “मुलांची वाडी?” समजावता समजावता पुरेवाट झाली. आता एकच शेपूट: ‘मूल’ हे कसलं नाव?

प्रतिसाद २:
जुन्या इंग्रजीत ‘मूल’ म्हणजे खेचर. हसू नका, केंटच्या एका राजाचंही नाव हेच होतं. ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. गाववाला मूल मात्र दुसराच कोणी. आपल्याकडे दगडू-धोंडू असतात, तसं समजा.

धागाकर्ती:
म्हणजे दगडूची वाडी! लेकीने तेवढं लगेच लिहूनही टाकलं. आजोबांची कोटी शेवटच्या पानावर, पेन्सिलने.