मदत हवी आहे: गावी सहा महिने उलटले, माझी आणि मुलीची शारजाची रेसिडेन्सी परत चालू कशी करायची?

नमस्कार. जरा लांब लिहिते, पण सगळं एकदाच सांगते, म्हणजे कुणाला उलटून विचारत बसावं लागणार नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मिस्टर नऊ वर्षं शारजात एका कंपनीत आहेत. मी आणि आमची चार वर्षांची मुलगी त्यांच्याच स्पॉन्सरशिपवर, म्हणजे त्यांच्या जबाबदारीवर मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर (रेसिडेन्सी), तिथं राहतो. गणपती करून परतायचं म्हणून १२ ऑगस्टला आम्ही दोघी निघून आलो. परतीचं तिकीटही काढलेलं होतं.

गणपतीनंतर चौथ्या दिवशी पहाटे आप्पा, म्हणजे माझे वडील, चूळ भरायला म्हणून परड्यात गेले आणि तिथंच बसले. उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं, शब्द फुटेना. शेजाऱ्यांच्या गाडीतून बेळगावला नेलं. १९ दिवस दवाखान्यात काढले. आई नाही, भाऊ पुण्यात, तो आला-गेला पण त्याची नोकरी. मग राहिले मी. रोज सकाळी हाताचा व्यायाम, दुपारी पायाचा. डाव्या हातानं चमचा धरायला शिकायलाच त्यांना दिवाळी आली. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. नातीचं बोट धरतात तेव्हा उजव्या हाताचं, मुद्दाम, कारण फिजिओवाल्या बाईंनी सांगितलंय की तोच हात वापरा.

या सगळ्यात तारखा मोजायचं भान राहिलं नाही, हे मी कबूल करते. ८ फेब्रुवारीला १८० दिवस भरले. आज २८ फेब्रुवारी, म्हणजे वर २० दिवस झाले. आमच्या दोघींची रेसिडेन्सी एरवी १४ जूनपर्यंत आहे, एमिरेट्स आयडीवर (तिथलं ओळखपत्र) तीच तारीख. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की ती आपोआप बाद होते, असं मिस्टरांना तिथल्या टायपिंग सेंटरमध्ये (सरकारी अर्ज भरून देणारं दुकान) सांगितलं.

बेळगावात एका एजंटाकडं गेले. त्यानं कागद न बघताच सांगितलं, 'ताई, तो व्हिसा मेला, नवीनच काढायला लागणार.' वर आणखी एक भीती घातली. माझ्या पासपोर्टावर जन्मठिकाण 'बेलगाम' आहे आणि आधारवर, दवाखान्याच्या कागदावर सगळीकडं 'बेळगावी'. म्हणाला, दोन वेगळी गावं दिसतात, अर्ज परत येईल. त्या रात्री मी झोपले नाही.

तिसरा गुंता मुलीच्या पासपोर्टाचा. तो २२ मे रोजी संपतो. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा माझा खरा प्रश्न हा आहे: आधी काय करू? इथं तिचा पासपोर्ट नवा करून घेऊ आणि मग परतीची परवानगी मागू, की आहे त्याच पासपोर्टावर परवानगी मागू? नवा केला तर नंबर बदलणार, आणि रेसिडेन्सी तर जुन्या नंबरावर आहे. शिवाय आमचं आधार चंदगडच्या पत्त्यावर, राहतोय खानापूर तालुक्यात. चंदगडचं काम पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडं, इकडचं बेंगळुरूकडं. कुठं जायचं तेही कळेना.

एप्रिलमध्ये तिची शाळा सुरू होते. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. एजंटांचे नंबर नकोत.

प्रतिसाद (निपाणीचा, सध्या अबुधाबी)

ताई, आधी शांत व्हा. व्हिसा मेला वगैरे काही नाही. २०२३ च्या जानेवारीपासून यूएईनं सोय केली आहे: १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या माणसाला बाहेर असतानाच परत येण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो. शारजाचा व्हिसा म्हणजे तुमचं काम आयसीपीकडं (यूएईचं केंद्रीय व्हिसा-ओळखपत्र खातं), त्यांच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर. दुबईचा असता तर जीडीआरएफएकडं (दुबईचं स्वतःचं व्हिसा खातं) जावं लागलं असतं. अर्ज तुमचे मिस्टर स्पॉन्सर म्हणून तिथून करू शकतात. तुमचा वेगळा, मुलीचा वेगळा.

दंड आहे. १८० दिवसांनंतरच्या प्रत्येक ३० दिवसांना, किंवा त्याच्या भागालाही, माणशी १०० दिरहम. तुम्ही आज २० दिवस वर, म्हणजे दोघींचे मिळून २००. १० मार्च उलटला की दुप्पट. अर्ज करताना रेसिडेन्सीची मुदत ३० दिवसांपेक्षा जास्त शिल्लक लागते, तुमची जूनपर्यंत आहे, म्हणजे तिथं काही अडचण नाही. परवानगी मिळाल्यापासून ३० दिवसांत आत शिरायचं. म्हणून तिकिटाची आणि आप्पांच्या देखभालीची सोय लावूनच अर्ज टाका, परवानगी हातात घेऊन बसू नका.

बाहेर का राहिलात याचं कारण आणि पुरावा मागतात. तुमच्याकडं दवाखान्याचे कागद आहेत, याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

जन्मठिकाणाचं टेन्शन घेऊ नका. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारनंच बदलली, त्यात आपलं बेळगावही होतं, हुबळीचं हुब्बळ्ळी झालं तसं. त्याआधीच्या लाखो कागदांवर जुनंच नाव आहे. माझ्या पासपोर्टावर अजून 'बेलगाम'च आहे, आधारवर 'बेळगावी', आणि मी त्यावर तीनदा मस्कतला जाऊन आलोय. कुणी विचारलं नाही. गावाचं नाव आपण काहीही म्हणू, कागदावर जे छापलंय तसंच अर्जात भरा, स्वतःहून दुरुस्त करायला जाऊ नका.

पासपोर्ट कुठं करायचा तो प्रश्नही सुटलेला आहे. २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो. बेळगावच्या हेड पोस्टात केंद्र आहे, हुबळीला आहे, कोल्हापूरला आहे. पोलीस चौकशी निघालीच तर ती अर्जातल्या पत्त्यावर होते. माझ्या मते आधी पासपोर्ट करून घ्या आणि निवांत जा.

प्रतिसाद (मूळची हुक्केरी तालुक्यातली, १४ वर्षं शारजात)

वहिनी, वरच्या दादांचं नाव-गावाचं बरोबर आहे, पण पासपोर्ट आधी करा हे मला पटत नाही. मी माझ्या मुलाच्या वेळी तसं केलं आणि दोन महिने अडकले.

कारण असं. मुलीचे वडील परदेशात. इथं लहान मुलाचा पासपोर्ट काढायचा तर दोघा आईवडिलांची संमती लागते, आणि जो बाहेर असेल त्याचं प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला लागतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी सुट्टी काढून दुबईच्या कॉन्सुलेटचं काम करायचं, कागद कुरिअरनं पाठवायचा, तोवर तुमचा मार्च संपला. नंतर नवा नंबर आयसीपीत बदलून घ्यायचा, आणि तो बदलेपर्यंत परवानगीचा अर्ज कुठल्या नंबरावर टाकायचा हा घोळ.

तिचा पासपोर्ट आज चालू आहे. रेसिडेन्सीही त्याच नंबरावर आहे. त्याच पासपोर्टावर परवानगी घ्या, तिला घेऊन या, आणि आल्या आठवड्यात शारजातूनच नवा करायला टाका. तुम्ही दोघंही समोर असाल, प्रतिज्ञापत्राची भानगड नाही. फक्त हे विसरू नका की जूनमध्ये रेसिडेन्सी नूतनीकरणाला पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने लागते, म्हणजे इथं आल्यावर त्यात एक दिवसही घालवायचा नाही. आणि तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला लेखी विचारा की मुदत तीन महिन्यांहून कमी आहे, रेसिडेंट मूल आहे, बसू द्याल ना. उत्तर छापून जवळ ठेवा.

नवीन व्हिसाच्या वाटेला जाऊ नका हेही सांगते. तो काढायचा तर पगाराची अट पुन्हा बघतात, ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहायची सोय. भाडेकरार पुन्हा, तुमची मेडिकल पुन्हा, आयडी पुन्हा. आहे ते वाचतंय तर वाचवा.

प्रतिसाद (खानापूर, भाऊ सौदीत)

आमच्याकडं असंच झालं तेव्हा एक्झिट-रीएंट्रीची (बाहेर जाऊन परत यायचा परवाना) मुदत वाढवून घेतली होती. ते सौदीचं, यूएईचं वेगळं. कुणी वाचून गल्लत करू नये म्हणून लिहिलं.

मूळ धागाकर्ती (३ मार्च)

तुम्हा सगळ्यांचे आभार. शारजाच्या ताईंचं पटलं. मिस्टरांशी बोलले, आहे त्याच पासपोर्टावर जायचं ठरलं. भाऊ पुण्याहून घरून काम करायची परवानगी काढून येतोय, महिनाभर राहील. त्यानंतर मामी येणार आहेत. म्हणून काल दोघींचे अर्ज टाकले.

आज माझा परत आला. त्याचं कारण वाचून मला हसावं की रडावं कळेना, पण बघायला गेलं तर चूक त्यांची नाही. दवाखान्याचे कागद आप्पांच्या नावाचे. ते माझे वडील आहेत हे कशावरून? आणि नाव बघा: माझ्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव आपल्या पद्धतीनं पूर्ण आहे, नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. डिस्चार्ज कार्डावर मात्र इकडच्या रीतीनं दोन आद्याक्षरं आणि एक नाव, आडनावच नाही. कन्नडमधून इंग्रजीत घालताना एक अक्षरही बदललंय. भरती करताना त्या घाईत मी काय सांगितलं आणि समोरच्यानं काय ऐकलं, मला आठवतसुद्धा नाही.

आता काय जोडू? नोटरी चालेल का?

प्रतिसाद (निपाणीचा, सध्या अबुधाबी)

नोटरीपेक्षा दवाखान्याचंच पत्र घ्या. त्यांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह: अमुक नावानं दाखल असलेली व्यक्ती म्हणजेच आधार कार्डावरची अमुक व्यक्ती, दाखल तारीख, सुट्टीची तारीख, आणि घरी सतत माणूस लागतं असा स्पष्ट उल्लेख. सोबत आप्पांचं आधार आणि तुमच्या पासपोर्टाचं शेवटचं पान. त्या पानामुळं नातं सिद्ध होतं, बऱ्याच जणांना हे सुचतच नाही. मुलीच्या अर्जाला तेच कागद आणि तिचा जन्मदाखला लावा. स्कॅन स्वच्छ करा, मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो नको.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

दवाखान्यात सकाळी रेकॉर्ड विभागात जा, दुपारी डॉक्टर ओपीडीत अडकतात. आयपी नंबर (दाखल रुग्णाचा नंबर) घेऊन जा, तो डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. कन्नड बोलायला अडचण असेल तर कळवा, मी येतो. कॅम्पातून मला जवळ आहे.

मूळ धागाकर्ती (९ मार्च)

दादा, तुम्ही खरंच आलात आणि दोन तास माझ्याबरोबर उभे राहिलात. तुम्हाला नको म्हटलं तरी इथं लिहिणार. रेकॉर्डमधल्या बाई सुरुवातीला नावात बदल होणार नाही म्हणत होत्या. दादांनी कन्नडमध्ये समजावलं की बदल नको, फक्त दोन्ही नावं एकाच माणसाची एवढं लिहून द्या. मग त्यांनीच कपाटातून आप्पांची जाडजूड फाइल काढली. भरतीच्या कागदावर माझी सही होती, नात्याच्या रकान्यात 'मगळु' लिहिलेलं. मुलगी. त्या पानाचीही झेरॉक्स शिक्का मारून दिली.

काल दोघींची परवानगी आली. दंड १० तारखेच्या आत भरला गेला. विमान कंपनीचंही लेखी उत्तर आलं, परवानगीचं पत्र आणि रेसिडेन्सी दाखवा म्हणून. तिकीट पुढच्या शुक्रवारचं, गोव्याहून. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून जायचं, म्हणून संध्याकाळी लवकरच निघणार.

आप्पांच्या व्यायामाचा तक्ता भावासाठी भिंतीवर लावलाय. मुलीनं त्यावर खडूनं आजोबांचा हात काढलाय, सहा बोटांचा. जायची तारीख आप्पांना अजून सांगितलेली नाही. आज जेवणानंतर सांगते.