मदत हवी आहे: तरुण रॉक श्रोत्यांसाठी केलेलं मुखपृष्ठ त्यांना 'आपलं' का वाटत नाही?

सुरावट
रॉक आणि मेटल ऐकणाऱ्या १६ ते २२ वयाच्या वाचकांसाठी संगीत मासिकाचं मुखपृष्ठ करायचं आहे. कच्चं मुखपृष्ठ पाहणाऱ्या बहुतेकांना ते जुन्या, निवांत गाण्यांचं मासिक वाटतं.

आत्ता असं आहे: ए-फोर आकार. गायिका खिडकीबाहेर बघतेय, उजेड मऊ. मासिकाचं नाव वर मधोमध, बारीक रेघांच्या नाजूक अक्षरांत. नऊ मथळे, चार फॉन्ट. पार्श्वभूमी फिकट राखाडी, मथळे पांढरे आणि निऑन हिरवे. फोटो १२०० बाय १७०० पिक्सेलचा. आधी कशाला हात घालू?

मुद्राक्षर
फोटोला. फॉन्ट आणि रंग नंतर बघा.

बाहेर बघणाऱ्या चेहऱ्याकडे वाचक लांबून बघतो. त्यात एक हळवेपणा आपसूक येतो. हेच काही मासिकांना हवं असतं. १९९३मध्ये सुरू झालेल्या 'मोजो' या ब्रिटिश संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर जुने, पुष्कळदा कृष्णधवल फोटो दिसतात, कारण तिथला वाचक जुन्या संगीताच्या ओढीने अंक उचलतो. तुमच्या वाचकाला नजरेला नजर हवी. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, उजेड एका बाजूने कडक, डोळे पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात. तारांनी घासलेली बोटं, घामाने चिकटलेले केस झाकू नका, रिटचिंगमध्ये पुसूही नका. या वयाच्या श्रोत्याला गुळगुळीत त्वचा लगेच खोटी वाटते.

आता नाव. १९८१च्या 'केरँग!' या ब्रिटिश रॉक-मेटल नियतकालिकाचं नावच गिटारच्या झणझणाटावरून आलंय आणि अक्षरांना तडे गेलेले आहेत. शब्द वाचायच्या आधी आवाज पोहोचतो! तुमच्या नाजूक अक्षरांचा आवाज फार हळू आहे. म्हणून तडेच मारा असं नाही, ती ओळख त्यांची आहे. जाड, कोनदार, हाताने कापल्यासारखी अक्षरं करून बघा. नाव डावीकडे न्या. दुकानाच्या मांडणीत अंक एकमेकांवर सरकवून ठेवले की पुष्कळदा डावी पट्टीच उघडी राहते. 'क्यू' या ब्रिटिश संगीत मासिकाचा लाल चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यात असायचा, तो तिथे म्हणूनच कामी येई.

नऊ मथळे फार. एक मोठा, तीन-चार छोटे, बस. फॉन्ट दोनच. भाषाही तपासा. 'गायिकेच्या सांगीतिक प्रवासाचा आढावा' हा मथळा अभ्यासकाला हाक मारतो. 'आवाज बसला, दौरा थांबला नाही' हा तुमच्या वाचकाला. लेख तोच असू शकतो.

शाईपाणी
मुद्राक्षर यांच्याशी सहमत. छपाईचं मी सांगतो.

हा फोटो ए-फोरला पुरणार नाही. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून जास्तीची छपाई) धरलं की कागद २१६ बाय ३०३ मिमी होतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. तुमच्याकडे निम्मेही नाहीत. सॉफ्टवेअरने फुगवलात तर सगळ्यात आधी पापण्या आणि केस मऊ पडतील, म्हणजे जिथे नजर खिळायला हवी तिथेच. फोटो नव्याने काढा.

निऑन हिरवा पडद्यावरच निऑन असतो, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शायांत, तो मळकट होतो. खरोखर हवा असेल तर फ्लोरोसंट शाई पाचवा रंग म्हणून वेगळी छापावी लागते, खर्च वाढतो. नाहीतर काळ्यावर पिवळा घ्या, तो छपाईत टिकतो. मोठ्या काळ्या भागात नुसती काळी शाई करडी दिसते; निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १०० टक्के असं मिश्रण छापखान्याला विचारून वापरा. मात्र बारीक अक्षरं या मिश्रणात करू नका. एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी कडांना रंगीत सावली येते.

सुरावट
दोघांचे आभार. नाव गायिकेच्या डोक्यामागे गेलं तर चालेल? नाव देवनागरीत आहे.

मुद्राक्षर
रोमन लिपीत सहज चालतं, 'रोलिंग स्टोन'च्या कितीतरी अंकांवर डोकं नावावर आलेलं आहे. देवनागरीत जपून. आपल्या मात्रा शिरोरेषेच्या वर असतात. केसांनी 'गीत'ची वेलांटी झाकली की उरतं 'गात'. 'मेळ'ची मात्रा गेली की 'मळ'! झाकायचंच तर कान्याचा किंवा उभ्या दांड्याचा खालचा भाग झाकला जाऊ द्या. शिरोरेषा आणि वरची चिन्हं मोकळी ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींच्या मथळ्यात वरचे उकार खालच्या रफारांवर आदळत नाहीत ना, तेही बघा.

सगळं झाल्यावर मुखपृष्ठ ३ सेंमी रुंदीचं करून बघा. चेहरा, नाव आणि मोठा मथळा ओळखू आला पाहिजे. मग मथळे झाकून तुमच्या वयोगटातल्या कुणालातरी विचारा, आत कुठलं संगीत असेल? उत्तर चुकलं तर दोष फोटोत किंवा नावाच्या अक्षरांत आहे.

शाईपाणी
बारकोड आत्ताच मांडून ठेवा, शेवटी घुसवला की मथळ्यावर येतो. पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका. दोन्ही बाजूंची पांढरी जागाही त्याचाच भाग आहे. पट्ट्या लाल करू नका. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला त्या दिसत नाहीत.